उन्हाळी शिबिरातून जिल्हा संघाकडे

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. गेली काही वर्षे ती उन्हाळी शिबिरात आणि एरवी रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानावर सॉफ्टबॉल (बेसबॉलच्या जातीचा बॅट-चेंडूचा खेळ) खेळत आली आहे. यंदा दिवाळीनंतर तिच्या प्रशिक्षकांनी आम्हाला सांगितले की, हिला स्पर्धेच्या गटात घालायचे असेल तर आता ठरवा, कारण त्या गटाचा सराव वर्षभर चालतो आणि अधूनमधून येणाऱ्या मुलींना तिथे जागा नसते. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाच्या पालकांना सल्ला द्यायला नागपुरात गल्लोगल्ली माणसे भेटतात; आमचे शेजारी मात्र "म्हणजे बेसबॉलच ना?" असे विचारून थांबतात. त्यामुळे बरीच माहिती आम्हाला स्वतःच विचारून गोळा करावी लागली.

माझी मावसबहीण अमेरिकेत राहते आणि तिची मुलगीही सॉफ्टबॉल खेळते. तिकडे हौशी स्थानिक लीग वेगळी आणि गावोगाव फिरून स्पर्धा खेळणारे खाजगी संघ वेगळे असतात. अशा संघासाठी निवड चाचणी द्यावी लागते, मोठे शुल्क भरावे लागते आणि शनिवार-रविवार गाडीतच जातात. तिचे अनुभव ऐकून मीही सुरुवातीला तशीच गणिते मांडू लागले होते, परंतु आपल्याकडची रचना निराळी आहे. इथे पैसे भरून प्रवासी संघात जाता येत नाही, जिना चढावा लागतो. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट असतात, आणि शाळेचा संघ जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो. राज्यात क्रीडा खात्याचे आठ विभाग आहेत. नागपूर आणि अमरावती हे त्यांपैकी दोन वेगळे विभाग असल्याने अमरावतीच्या मुलींशी शालेय स्पर्धेत गाठ पडते ती थेट राज्य पातळीवर. याशिवाय सॉफ्टबॉल संघटनेच्या सबज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनियर स्पर्धा स्वतंत्रपणे होतात. त्यांचा जिल्हा संघ चाचणी घेऊन निवडला जातो, आणि एकच मुलगी दोन्हीकडे खेळू शकते. पालकांचा गोंधळ नेमका इथेच होतो, कारण दोन्हीकडचे अर्ज, दाखले आणि तारखा वेगवेगळ्या असतात. जन्मतारखेचा दाखला, बोनाफाईड आणि आधार कार्ड यांच्या प्रती एका फाईलमध्ये कायम तयार ठेवाव्यात, ही सूचना मला एका अनुभवी आईने दिली आणि ती सोन्यासारखी निघाली.

शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने, म्हणजे एक सामना हरला की संघ बाहेर, अशा खेळल्या जातात. याचा अर्थ प्रवासाच्या हिशेबात नीट समजून घ्यायला हवा. जळगाव आणि अमरावती या दोन्ही ठिकाणी हा खेळ अनेक वर्षांपासून रुजलेला आहे आणि तिथले संघ तयारीचे असतात. नागपूर ते जळगाव हे रेल्वेचे अंतर सुमारे 420 किलोमीटर. रात्रभर गाडीत बसून पोहोचायचे, शाळेच्या वर्गखोलीत सतरंजीवर झोपायचे, आणि पहिलाच सामना अशा संघाशी पडला तर दुपारच्या आत परतीची तयारी करायची, हे सहज घडू शकते. सॉफ्टबॉलचा सामना तसा सात डावांचा असतो. पण पाचव्या डावानंतर एका संघाकडे सात धावांची आघाडी असेल तर तो तिथेच संपवतात. एवढा प्रवास करून तासाभराचा खेळ मिळणे बारा वर्षांच्या मुलीला कसे वाटेल, याचा विचार जाण्यापूर्वीच केलेला बरा.

तथापि प्रवासापेक्षा मोठा फरक सरावात आहे. रविवारच्या गटात प्रत्येकीला फलंदाजी मिळते, कुणी एकदा पिचर म्हणजे चेंडू फेकणारी होते, कुणी कॅचर म्हणजे फलंदाजामागे तो झेलणारी होते, आणि घरी जाताना सगळ्या खूश असतात. स्पर्धेच्या गटाचा सराव मी काही दिवस कडेला उभी राहून पाहिला. पहाटे साडेपाचला मुली अर्ध्या वाकून एका ओळीत उभ्या राहतात आणि सर जमिनीलगत चेंडू सोडत राहतात. ग्लोव्हची पाठ मातीला टेकलेली हवी, हात खालून वर यायला हवा, वरून खाली नव्हे. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला की दुसरा हात झाकणासारखा वर यायला हवा. आपल्याकडची काळी माती ऊन तापले की भेगाळते आणि त्या भेगेवर चेंडू कधी हनुवटीकडे उसळतो, कधी पायातून निघून जातो. अर्धा तास फक्त हेच. बॅटला हात नाही, धाव नाही, टाळी नाही. 12 इंच परिघाचा आणि क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड असलेला तो चेंडू मनगटावर बसला की मुली हात झटकतात आणि पुन्हा वाकतात.

ते पाहिल्यावर आपल्या मुलीच्या गुणवत्तेची चर्चा मला बिनमहत्त्वाची वाटू लागली. ती चांगली फेकते, वेगाने धावते, हे सगळेच सांगतात आणि ते खरेही असेल. पण सामना डोळ्यांसमोर नसताना हा सराव तिला करावासा वाटतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिला विचारून मिळत नाही, कारण बारा वर्षांचे मूल आईला आवडेल ते उत्तर देते. म्हणून आम्ही तिला पंधरवडाभर त्या गटासोबत पाठवले आणि गजर झाल्यावर तिला कोण उठवते एवढेच पाहिले. काही सकाळी ती आपणहून उठली, काही सकाळी नाही. माझ्या दृष्टीने हे उत्तर पुरेसे प्रामाणिक होते.

याच काळात तिला नवा ग्लोव्ह घेतला. नवे कातडे पुठ्ठ्यासारखे ताठ असते. त्याला थोडे तेल चोळून, मध्ये चेंडू ठेवून, जुन्या ओढणीच्या पट्टीने घट्ट बांधून तिने तो रात्री गादीखाली ठेवला आणि कॉलनीत सगळ्यांना दाखवून आली. खर्चाबद्दल एवढेच सांगते की, ग्लोव्ह आणि बूट स्वतःचे हवेत, हेल्मेट आणि कॅचरचे साहित्य सहसा संघाचे असते. पहिल्याच वर्षी महागडी बॅट घेण्याची काहीही गरज नाही.

सरांना तिच्यात पिचर दिसते, आणि माझी काळजी तिथेच आहे. खांद्याभोवती हात पूर्ण गोल फिरवून कमरेजवळ चेंडू सोडण्याची ती पद्धत दिसायला सहज दिसते. हात खालून येतो म्हणून दुखापत होत नाही, असा समज वर्षानुवर्षे होता आणि त्यापायी एकाच मुलीकडून दिवसात दोन-तीन सामने फेकून घेतले जात. प्रत्यक्षात खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेवर बराच ताण येतो, हे आता डॉक्टरांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. वाढीच्या वयात आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती आणि वर्षातून काही महिने वेगळा खेळ, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. तो मी सरांपुढे ठेवला. त्यांनी वाद घातला नाही. संघात दुसरी पिचर तयार होईपर्यंत हे जमवणे कठीण आहे, असे मात्र स्पष्ट सांगितले. त्यांचा हा मोकळेपणा मला आवडला.

बाकावर बसण्याबद्दलही घरी बोलणे झाले. नऊ जणी मैदानात असतात आणि नवी मुलगी बहुधा बाहेरच असते. सॉफ्टबॉलमध्ये एक सोय आहे: सुरुवातीला खेळणारी मुलगी बाहेर काढली तरी ती एकदा परत येऊ शकते, मात्र फलंदाजीच्या क्रमात आपल्याच जागी. त्यामुळे प्रशिक्षक नव्या मुलीला एखाद्या डावापुरते उतरवू शकतात. उतरवतीलच असे नाही, आणि न उतरवल्यास पालकांनी कुंपणापाशी जाऊन विचारू नये, असे माझे ठाम मत आहे.

गुणांचा आणि नोकरीचा विषय आजोबांनी काढला. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण आहे, हे खरेच आहे. पण त्यासाठी कोणत्या पातळीवर काय कामगिरी हवी याचे नियम कडक आहेत आणि प्रमाणपत्रांची पडताळणीही होते. सहावीतल्या मुलीचा खेळ त्या हिशेबाने ठरवणे मला पटत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेटबरोबर सॉफ्टबॉललाही मान्यता मिळाली, तेव्हा तिच्या मैत्रिणींनी जल्लोष केला होता. आमच्याकडे त्या दिवशी पेपरात फक्त क्रिकेटचा मथळा वाचला गेला.

शेवटी आम्ही हो म्हटले आहे, पण वार्षिक परीक्षा झाल्यावर, आणि पहिले वर्ष मुख्यतः क्षेत्ररक्षणासाठी. पिचिंग आठवड्यातून दोनच दिवस, आणि खांदा दुखला तर त्याच दिवशी बंद. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा सराव सात वाजता संपलाच पाहिजे, अशीही आमची अट आहे. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या अटी मान्य, माझी एकच आहे. साडेपाच म्हणजे साडेपाच, मग पोरगी किती का चांगली फेकत असेना."