परदेश प्रवासातलं आणि क्रूझवरचं धुणं: हिशेब वाळण्याचा

बेसिनमध्ये दोन शर्ट धुवायला पंधरा मिनिटं पुरतात. तेच शर्ट वाळायला एक रात्र लागेल की दोन दिवस, हे कापड, पाणी काढायची पद्धत आणि खोलीतली हवा ठरवते. सकाळी बॅग भरायची वेळ आली आणि मोजे अजून ओलसर असले, की ते पिशवीत कोंबले जातात. संध्याकाळी पिशवी उघडली की कुबट वास येतो आणि पुन्हा धुणं काढावं लागतं. म्हणून लांबच्या प्रवासाला कपडे काढतानाच प्रत्येकाला एक कसोटी लावावी: हे रात्री नऊला धुतलं तर सकाळी सातला घालता येईल का?

पॉलिएस्टर आणि नायलॉन या कसोटीला सहज उतरतात. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरत नाही. सुती धागा सात-आठ टक्के धरतो. पॉलिएस्टरच्या शर्टात राहतं ते धाग्यांच्या मधलं पाणी, आणि ते दाबून निघतं. जाड सुती टी-शर्ट बंद खोलीत रात्रभरात वाळेल याचा भरवसा नाही. जीन्स तर बेसिनमध्ये धुवूच नये. कमरपट्टा, खिसे आणि जाड शिवणी दोन-दोन दिवस ओल्या राहतात. डाग पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसावी, बाकी मशीन मिळेल तेव्हा बघावं.

मेरिनो लोकर वाळायला पॉलिएस्टरपेक्षा जास्त वेळ घेते, पण तिला घामाचा वास लवकर लागत नाही, त्यामुळे मुळात कमी वेळा धुवावी लागते. पॉलिएस्टरचं उलटं आहे. ते त्वचेचं तेल धरून ठेवतं आणि वास त्या तेलात मुरतो. म्हणून असा शर्ट ज्या दिवशी घातला त्याच रात्री धुवावा, आणि बगलेच्या जागी डिटर्जंटचा थेंब थेट लावून चोळावं. लोकर आणि रेशीम यांना एन्झाइमवालं डिटर्जंट लावू नये. प्रथिनांचे डाग तोडणारं एन्झाइम लोकरीचं प्रथिनही खातं आणि कापड विरत जातं.

सोबत न्यायच्या वस्तू मोजक्याच. पहिली म्हणजे रबराचं सपाट, गोल बूच. हॉटेलच्या बेसिनमधलं दाबून बंद होणारं झाकण बऱ्याचदा हळूहळू गळतं आणि भिजत घातलेले कपडे पाऊण तासात कोरड्या बेसिनमध्ये पडलेले दिसतात. सपाट बूच कुठल्याही भोकावर बसतं. दुसरी, पीळ घातलेली लवचीक दोरी. कपड्याचं टोक पिळात अडकवलं की चिमटे लागत नाहीत. तिच्या टोकांना हूक असावेत. नुसत्या चिकटणाऱ्या रबरी वाट्या ओल्या कपड्यांच्या वजनाने रात्री केव्हातरी सुटतात. तिसरी, डिटर्जंट. विमानात हातातल्या सामानात न्यायचं तर द्रवाची बाटली सहसा 100 मिलिलिटरपर्यंतच चालते. धुण्याची पावडर बिनलेबलाच्या पुडीत बांधून नेऊ नका, तपासणीत उगाच खोळंबा होतो. विरघळणाऱ्या कागदासारख्या डिटर्जंटच्या पट्ट्या हलक्या असतात, पण ओला हात लागला की गठ्ठा एकमेकांना चिकटतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्यात. अंगाच्या साबणावर भागवायचा मोह टाळा. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो, तो कपड्यावर बसतो आणि पांढरे कपडे राखाडी दिसू लागतात.

आता प्रत्यक्ष धुणं. बेसिन आधी घासून घ्या, कडेला टूथपेस्ट किंवा केसांचा रंग राहिलेला असतो. चार-पाच लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा, म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर, द्रव डिटर्जंट आधी ढवळा, मग कपडे घाला. एका वेळी एक शर्ट, दोन अंतर्वस्त्रं आणि दोन जोड मोजे, याहून जास्त नको. पंधरा मिनिटं भिजू द्या, मग कॉलर, बगला, बाह्यांची टोकं आणि मोज्यांचे तळवे चोळा. नव्या गडद कपड्याचं पहिलं धुणं वेगळं काढा. सगळ्यात जास्त चूक होते ती डिटर्जंटच्या मापात. फेस खूप झाला की दोन पाण्यांत तो निघत नाही, आणि कपड्यात राहिलेलं डिटर्जंट अंगाला खाज आणतं, कापड कडक करतं. दोनदा स्वच्छ पाण्यातून खळबळून काढल्यावर कापड बोटांना बुळबुळीत लागत असेल तर तिसरं पाणी घ्याच.

यापुढची पाच मिनिटं सगळ्यात मोलाची. कपडा पिळू नका, लोकर आणि लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, तर मुळीच नाही. मुठीत दाबून पाणी काढा. मग मोठा कोरडा टॉवेल जमिनीवर पसरा, त्यावर शर्ट सपाट मांडा, बाह्या आत घ्या आणि एका टोकापासून घट्ट वळकटी करा. वळकटीवर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जा. कमरेचं इलास्टिक आणि खांद्याची शिवण असेल तिथे थोडं जास्त थांबा. उघडल्यावर टॉवेल जड झालेला असतो. शर्ट हाताला गार लागतो, पण एक थेंबही गळत नाही. ही वळकटी केलेला पातळ शर्ट सकाळी घालता येतो, न केलेल्याचा नेम नाही. टॉवेल कोरडाच हवा, म्हणून अंघोळीच्या आधी एक बाजूला काढून ठेवा.

वाळत घालताना खिसे बाहेर काढा, बटणं सोडा, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. पाणी खाली उतरतं, म्हणून तासाभराने खालची कड पुन्हा एकदा टॉवेलने दाबली तर फायदा होतो. बाथरूममध्ये दोरी बांधायची असेल तर सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर बांधा, दार उघडं ठेवा आणि पंखा चालू. एसीची खोली बाथरूमपेक्षा केव्हाही बरी, कारण एसी हवेतला ओलावा काढून टाकतो. लाकडी हँगरच्या पॉलिशचा डाग ओल्या पांढऱ्या शर्टावर बसू शकतो, तेव्हा प्लास्टिकचा वापरा. दिव्याच्या शेडवर कपडे टाकू नका. हेअर ड्रायर शेवटच्या ओलसर शिवणीपुरताच. त्याच्या मागची जाळी कापडाने झाकली गेली की तो तापून बंद पडतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. छतातून किंवा भिंतीतून आलेल्या आग विझवायच्या स्प्रिंकलरला हँगर कधीही अडकवू नका. त्याच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची बारीक नळी असते. लाल द्रवाची नळी साधारण 68 अंश सेल्सिअसला फुटावी अशी केलेली असते, पण ती हँगरच्या धक्क्यानेही फुटते. मग मुख्य व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी थांबत नाही आणि खालचे मजलेही भिजतात.

क्रूझवर नियम थोडे वेगळे. बहुतेक केबिनच्या शॉवरमध्ये ओढून लांबवायची दोरी असते, पण तिच्यावर दोन-तीन हलके कपडेच पेलतात. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक लावून जागा वाढवता येते. ते घरीच बॅगेत टाका. बाल्कनीत कपडे वाळत घालू नका. वाऱ्याने उडतात, आणि समुद्रावरच्या हवेतलं मीठ कापडावर बसतं. मीठ ओलावा ओढतं, म्हणून कपडे वाळल्यासारखे वाटले तरी चिकट राहतात. समुद्रात भिजलेले पोहण्याचे कपडे गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय नीट वाळत नाहीत, ते याच कारणाने. इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर केबिनमध्ये आगीच्या भीतीने चालत नाही. चढतानाच काढून ठेवतात.

स्वतः मशीन लावायची सोय प्रत्येक जहाजावर नसते. क्रूझ कंपन्यांपैकी प्रिन्सेसच्या जहाजांवर सहसा असते, रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर नसते. तिकीट काढल्यावर जहाजाचा डेकचा नकाशा बघा, सोय असेल तर त्यावर दाखवलेली असते. जहाज दिवसभर समुद्रात असतं तेव्हा मशीनपाशी रांग लागते. बंदराच्या दिवशी लोक उतरून गेल्यावर किंवा जेवणाच्या वेळी गेलात तर मशीन रिकामं सापडतं. पिशवीभर कपडे एकरकमी धुवून देण्याची सवलत निघाली तर घ्या, पण तिच्यात लोकर आणि आवडते नाजूक कपडे घालू नका. सगळं एकत्र आणि गरम ड्रायरमध्ये जाईल असं धरून चला.

सुटीपुरत्या भाड्याच्या घरात धुणं-वाळवणं एकाच मशीनमध्ये असेल तर एक गोष्ट सांभाळा: ते जेवढं धुतं तेवढं वाळवत नाही. 8 किलो धुणारं मशीन वाळवताना बहुधा 5 किलोच घेतं. भरून लावलं तर तीन तासांनी हातात येतात गरम, ओले, चुरगळलेले कपडे. निम्मे बाहेर काढा, मगच वाळवायचं बटण दाबा. युरोपातल्या मशीनवरचा इको 40-60 हा प्रोग्राम वीज वाचवतो, पण तीन तासांच्या आसपास चालतो. घाईत असाल तर सिंथेटिकचा निवडा. लॉन्ड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे घालून स्वतः मशीन लावायच्या दुकानात, कपडे घालण्याआधी दाराच्या रबराच्या घडीत बोट फिरवा. आधीच्याचं ब्लीच किंवा रंग तिथेच दडून बसतो. डिटर्जंटच्या खणात दोन रेघांचा कप्पा मुख्य धुण्याचा, एका रेघेचा आधीच्या धुण्याचा, फुलाचा सॉफ्टनरचा. कपडे निथळत बाहेर आले तर ड्रायरमध्ये पैसे घालण्याआधी नुसतं स्पिन पुन्हा लावा.

परक्या भाषेच्या दुकानात डिटर्जंट समजून सॉफ्टनर उचलला जातो, कारण बाटल्या सारख्याच दिसतात. जर्मनीत ‘वाश्मिटल’ मागा, ‘वाइखश्प्यूलर’ नको. फ्रान्समध्ये ‘लेसिव’ म्हणजे डिटर्जंट आणि ‘आदुसिसां’ म्हणजे सॉफ्टनर. स्पेनमध्ये सॉफ्टनरला ‘सुआविसान्ते’ म्हणतात, आणि ‘लेहिया’ लिहिलेली बाटली म्हणजे ब्लीच, तिला हात लावू नका.

क्रूझचं शेवटचं धुणं उतरायच्या आदल्या रात्री काढू नये. मोठ्या बॅगा त्याच रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दोन रात्री आधी धुवा, आणि तरीही काही ओलसर राहिलंच तर ते बंद पिशवीत न घालता कोरड्या कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा, म्हणजे मुक्कामी पोहोचताच आधी तेच बाहेर काढता येईल.