नाशिकच्या उन्हाळ्यात बारोलो उघडायची तर

महागाची इटालियन रेड वाइनची बाटली आणली, हौसेनं उघडली आणि ‘नुसतीच आंबट-तुरट आहे’ म्हणून बाजूला सारली, ही तक्रार बारोलोबद्दल हमखास ऐकू येते. चौकशी केली की कळतं, बाटली कपाटातून थेट टेबलावर आली होती, उघडल्या उघडल्या ओतली होती आणि सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा होता. या तिन्हीपैकी एकही गोष्ट तिला चालत नाही.

बारोलो येते इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातून, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरून. ठरवून दिलेल्या 11 गावांच्या हद्दीतलं नेब्बिओलो हे एकच द्राक्ष तिच्यात चालतं. 1980 पासून तिला डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा आहे. नियमानुसार ती किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. बाटलीवर ‘रिझेर्वा’ लिहिलं असेल तर 62 महिने. नेब्बिओलोला कोंब लवकर फुटतात, पण ते पिकतं फार उशिरा. आपल्याकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीची, गडबड चालू असते तेव्हा, ऑक्टोबरात, तिकडे तोडणी होते. त्याला थंडीतली पूर्ण झोप लागते आणि लांबलेला गार शरद लागतो. दिंडोरी-निफाडच्या वेलीला ती झोप मिळत नाही, म्हणून तर आपण वर्षाला दोन छाटण्या करतो.

जुन्या वळणाच्या घराण्यांची पद्धत अशी: आंबवताना साली तीस ते साठ दिवस रसात बुडवून ठेवायच्या, मग वाइन स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या) ओकच्या प्रचंड पिंपांत काही वर्षं पडू द्यायची. ही पिंपं हजारो लिटरची असतात. 225 लिटरच्या छोट्या नव्या पिंपात, म्हणजे बॅरिकमध्ये, वाइनच्या मानाने लाकडाचा स्पर्श खूप जास्त होतो आणि व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास चढतो. मोठ्या जुन्या पिंपात तो चढत नाही; राहतो तो सुकलेल्या गुलाबाचा, आंबट चेरीचा, डांबराचा वास. ऐंशीच्या दशकात नव्या पिढीने बॅरिक आणले तेव्हा तिथे घराघरांत वाद झाले. बार्तोलो मास्कारेल्लो या जुन्या उत्पादकाने तर लेबलवरच ‘नो बॅरिक, नो बर्लुस्कोनी’ (बर्लुस्कोनी म्हणजे तिथले बडे राजकारणी) असं लिहून टाकलं.

रंगाने फसू नका. नेब्बिओलोचा रंग मुळातच फिकट, विटकरीकडे झुकणारा. कडेला नारिंगी झाक असते. म्हणून वाइन पाणी घातलेली नाही आणि खराबही झालेली नाही. त्या फिकट रंगामागे भरपूर टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखं तोंड कोरडं पडतं.

आता तापमान, कारण नाशिकमध्ये सगळं इथेच बिघडतं. बाटली 12 ते 14 अंशांत, आडवी, अंधारात ठेवायची. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात आतसुद्धा 30 च्या वर पारा असतो. अशा खोलीत बाटली काही आठवडे राहिली की आतली वाइन फुगते, बूच वर ढकलतं आणि चव शिजवलेल्या फळासारखी सपाट होते. म्हणून घेतानाच बाटलीचं डोकं बघा: बूच टोपणाखाली उचललेलं वाटतंय का, मानेवर चिकट ओघळ आहेत का. ट्यूबलाइटखाली उभी ठेवलेली, रात्री एसी बंद होणाऱ्या दुकानातली बाटली सवलतीत मिळाली तरी नको. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन महिने चालतं. वर्षानुवर्षं मात्र नाही, कारण तिथल्या कोरड्या हवेत बूच आक्रसतं.

प्यायची 16 ते 18 अंशांना. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ लिहिलेलं असतं, ती खोली युरोपातली आणि जुन्या काळची. बाटली 30 अंशांवर असेल तर साध्या फ्रिजमध्ये साधारण दीड तास. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घेऊन त्यात पंधरा मिनिटं. नुसता बर्फ उपयोगाचा नाही, तो बाटलीला नीट चिकटत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच बाहेर. आणि फार गार केलीत, समजा 10 अंशांना, तर वास बंद आणि तुरटपणा दुप्पट.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. टोपणाचा कागद ओठाच्या खालच्या कडेला कापा. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीचं बूच मऊ होऊन तुटतं. तिथे स्क्रूऐवजी दोन पात्यांचा चिमटा वापरावा. तरी तुकडे पडलेच तर मलमलीच्या स्वच्छ कपड्यातून गाळा. चहाची गाळणी नको, आल्या-वेलचीचा वास जन्मात जात नाही.

पाच ते आठ वर्षांची बारोलो डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचेच्या भांड्यात) ओतून दोन-तीन तास ठेवावी. नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या मानेतून हवा कितीशी शिरणार! उन्हाळ्यात तेवढ्या वेळात वाइन पुन्हा तापते, म्हणून डिकँटर गार पाण्याच्या परातीत ठेवावं. जुन्या बाटलीचा हिशेब उलटा: पिण्याच्या आधी थोडाच वेळ, फक्त गाळ वेगळा करायला, मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून एका धारेत ओता. गाळाची काळी रेघ मानेत आली की थांबा. शेवटचे तीस-चाळीस मिलिलिटर सोडून द्यायचे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष आहे, कितीही हवा दिली तरी जाणार नाही. बाटली दुकानात परत न्या.

जेवणात तिखट टाळा. बारोलोत अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास असतं, त्यात मिरची पडली की तोंडात आग आणि तुरटपणा दोन्ही भडकतात; मिसळीबरोबर तर विचारही नको. आळणी मटण मात्र अप्रतिम जमतं: मीठ, हळद, आलं-लसूण, बस. चरबी आणि प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात. शाकाहारी ताटात लोण्यात परतलेली अळंबी आणि जुनं पार्मिजानो चीज. गोडाबरोबर ती कडू लागते, माशाबरोबर धातूसारखी.

पहिल्यांदाच या द्राक्षाशी ओळख करून घ्यायची असेल तर थेट बारोलोवर पैसे घालू नका. त्याच टेकड्यांतली ‘लांगे नेब्बिओलो’ स्वस्त पडते, लवकर पिता येते, डिकँटरही लागत नाही. आणि बारोलो उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. तरुण बाटली दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त खुलते, तिसऱ्या दिवसापर्यंत संपवा.