मुरिल्योचा पक्षी झाकला तेव्हा

त्या दिवशी कलेतिहासाच्या तासाला स्पॅनिश चित्रकार मुरिल्यो होता. 'पक्ष्यासह पवित्र कुटुंब', साधारण १६५० सालचं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं चित्र. प्रिंट हातात पडताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, यात धार्मिक काय आहे?"

प्रश्न रास्त होता. कुणाच्या डोक्यामागे तेजोवलय नाही, देवदूत नाहीत. येशूचा बाप, सुतार योसेफ बसलाय. त्याला बिलगून उभा असलेला लहानगा येशू पक्षी उंच धरून पांढऱ्या कुत्र्याला खेळवतोय. डावीकडे मरिया सूत गुंडाळते आहे.

मी म्हटलं, पक्ष्यावर अंगठा ठेवा.

सगळ्यांनी ठेवला आणि चित्र ढिलं पडलं. कुत्रा मान वर करून कशाकडे बघतोय कळेना, पोराचा हात नुसताच हवेत. खालून वर चढणारी चित्राची सगळी ओढ त्या इवल्याशा जिवापाशी बांधलेली आहे. मग मी त्याची कथा सांगितली. अनेक अभ्यासक हा गोल्डफिंच, म्हणजे लाल तोंडाचा एक छोटा पक्षी, मानतात. क्रूसाच्या वाटेवर त्यानं ख्रिस्ताच्या कपाळातला काटा उपसला आणि रक्ताचा थेंब उडून त्याचं तोंड लाल झालं, अशी जुनी आख्यायिका. म्हणजे पोराच्या मुठीत त्याचंच पुढचं मरण आहे.

तेवढ्यात सोलापूरची एक मुलगी बोलली. तिच्या घरी हातमाग आहे. "मॅडम, हिनं हात थांबवलाय. लडी फिरत असताना असं दुसरीकडे बघत नाहीत, धागा तुटतो."

इतकी वर्षं हे चित्र शिकवतेय, पण मरियेचे हात मला इतके जिवंत कधी दिसले नव्हते. आई काम सोडून लेकराकडे बघतेय, आणि तीही कडेला बसून. चित्राचा मध्य योसेफाचा आहे. पूर्वीच्या चित्रांत तो बहुधा कोपऱ्यातला म्हातारा असायचा. इथे तरणा, धट्टाकट्टा बाप, पोराला सावरून धरणारा. सोळाव्या शतकात संत तेरेसा आविलाकर यांनी योसेफाची भक्ती वाढवली, ती स्पेनमध्ये घरोघरी रुजली, त्याचं हे फळ. शिवाय १६४९ च्या प्लेगमध्ये सेव्हिलची जवळजवळ निम्मी वस्ती गेली असं मानतात. मुरिल्यो त्याच गावचा. अशा गावाला आई, बाप आणि खेळणारं मूल एका चौकटीत बघायला मिळणं किती मोठं असेल!

मग कुणीतरी योसेफामागच्या अंधारातलं सुतारकामाचं बाक शोधलं. लाकूड म्हटल्यावर क्रूस आठवणारच. त्यावरून वर्गात जुंपली. एक म्हणे, मरियेला पुढचं सगळं ठाऊक आहे, म्हणून हात थांबला. सोलापूरची म्हणे, छे, ती फक्त बघतेय, कुठलीही आई बघेल तशी. मी सोलापूरच्या बाजूची. पक्षी आणि बाक आपल्यासाठी आहेत. मरियेच्या चेहऱ्यावर मुरिल्योनं दुःखाची एकही रेघ ओढलेली नाही.