किल्ल्याचा दरवाजा कोणी उघडला?

जपानहून परत येऊन कितीतरी दिवस झाले, पण आइझु-वाकामात्सुचा तो एक तास डोक्यातून जात नाही.

मी दुभाषी आहे. वर्षातले नऊ-दहा महिने कारखाने, यंत्रं, ऑडिट. मधूनमधून जपानला जाणारा एखादा मराठी गट मिळतो, आणि ते काम मी कधीच सोडत नाही. या वेळचे बावीसही जण सह्याद्री तुडवलेले. तटाला हात लावून दगड कसा बसवलाय ते आधी बघणारे. अशा लोकांना सहलीच्या आयोजकाने त्सुरुगा किल्ल्यासाठी एक तास दिला होता आणि खरेदीला दोन. किल्ला दाखवायचा म्हणजे काय, हे या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना कळतं.

स्थानिक वाटाड्या सत्तरी ओलांडलेले आजोबा होते. त्यांचे खापरपणजोबा 1868 च्या वेढ्यात किल्ल्याच्या आत होते. जपानी आणि मराठी, दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे इंग्रजीत सांगणाऱ्यासारखं वाक्य संपायची वाट बघावी लागत नाही, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ जाता येतं. या वेगाचा मला अभिमान आहे. त्या दिवशी घात त्यानेच केला.

सुरुवात छान झाली. गामो उजिसातोने 1593 मध्ये बांधलेला सात मजली बालेकिल्ला, 1611 च्या भूकंपात त्याचं कलणं, मग 1639 मध्ये केलेले पाच मजले. आज दिसते ती इमारत 1965 ची, काँक्रीटची, पण खालचा ओबडधोबड दगडांचा चौथरा गामोच्या काळचा. तिथे आमची मंडळी हलेचनात.

मग घराण्याची गोष्ट. 1643 मध्ये होशिना मासायुकी इथे आला. हा तिसऱ्या तोकुगावा शोगुनचा सावत्र भाऊ. शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणारा लष्करी शासक. पुढे घराण्याने मात्सुदाइरा नाव घेतलं. मासायुकीने 1668 मध्ये घराण्याला नियम घालून दिले. त्यातला पहिलाच असा, की शोगुनशी एकनिष्ठ राहा. जो वारस दुसरा विचार मनात आणेल तो माझा वंशज नव्हे, त्याच्यामागे जाऊ नका. हा नियम पुढे मानगुटीवर बसला. 1862 मध्ये सम्राटाच्या क्योतोच्या रक्षणाची जबाबदारी आली तेव्हा साइगो तानोमोसारखे कारभारी नको म्हणत होते, पण घराण्याचा तेव्हाचा प्रमुख कातामोरी, त्याला नाही म्हणता आलं नाही. सम्राट कोमेइने खूश होऊन त्याला स्वहस्ते पत्र दिलं. सम्राट वारला, सत्ता फिरली आणि 1868 मध्ये तोच कातामोरी दरबाराचा शत्रू ठरला. ते पत्र तो बांबूच्या नळीत घालून 1893 मध्ये मरेपर्यंत अंगावर बाळगत होता.

दरबाराच्या फौजेचा महिनाभर वेढा. सुमारे दीड किलोमीटरवरच्या ओदायामा टेकडीवरून तोफगोळे. पडलेला गोळा फुटायच्या आत बायका धावत जाऊन त्यावर ओल्या रजया टाकायच्या. कारभारी यामाकावाची बायको तोसे त्यातच गेली. तिची आठ वर्षांची नणंद सुतेमात्सु वाचली आणि पुढे अमेरिकेत पदवीधर झाली.

आणि मग आजोबा म्हणाले, ‘काइजो’. काइ म्हणजे उघडणं, जो म्हणजे किल्ला. मी पाठोपाठ बोलून गेले, "आणि 6 नोव्हेंबरला किल्ल्याचा दरवाजा उघडला गेला."

मागून एक काका म्हणाले, "म्हणजे फितुरीच! यांचा सूर्याजी पिसाळ कोण हो, ताई?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मराठी कानाला दरवाजा उघडला म्हटलं की फितुरीच ऐकू येते, आणि हे मला उच्चारायच्या आधी कळायला हवं होतं. त्यावर दुसरी चूक: आजोबांनी काय विचारतायत म्हटल्यावर मी प्रश्न तसाच पुढे केला. "इथे द्रोही कोण होता?"

आजोबा बराच वेळ चौथऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो शब्द दीडशे वर्षं आम्हालाच लावलाय."

मी तिथल्या तिथे कमरेत वाकून माफी मागितली आणि दोन्हीकडे खुलासा केला. आजोबांनी पिशवीतून एक कागद काढला. शरणागतीच्या निशाणाचं चित्र. त्यावर दोनच अक्षरं, ‘कोसान’, म्हणजे शरण. किल्ल्यातलं पांढरं कापड जखमा बांधण्यात संपलं होतं, म्हणून बायकांनी चिंध्या जोडून ते शिवलं. समारंभाला रस्त्यावर लाल जाजम अंथरलं होतं. सगळं आटोपल्यावर सामुराईंनी त्याचे तुकडे करून वाटून घेतले आणि त्याला नाव दिलं, रक्ताचे अश्रू ढाळलेलं जाजम. पुढे घराण्याची 2,30,000 कोकूंची जहागीर जाऊन उत्तरेला तोनामी मिळालं, कागदावर 30,000 कोकूंचं. कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाचा वर्षाचा तांदूळ. सुमारे 17,000 माणसं तिकडे गेली. आजोबांचं घराणंही.

1986 मध्ये हागी शहराने, म्हणजे त्या युद्धात जिंकलेल्या चोशू संस्थानाच्या जुन्या राजधानीने, समेटाचा हात पुढे केला, तर आइझुने अजून वेळ आहे म्हणून तो नाकारला. हे सांगताना आजोबांचा आवाज चढला नाही.

बसमध्ये मी माईक घेतला. म्हटलं, 1665 मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले, तेव्हा आपण त्याला ‘दरवाजे उघडले’ म्हणत नाही. ‘दिले’ म्हणतो. माझा शब्द चुकला. कोणी बोललं नाही. मग त्याच काकांच्या पत्नी पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, चिंध्या जोडल्या म्हणजे गोधडीच की. टाके कसले होते, विचारायचं राहिलं."

टाके कसले, ते मलाही सुचलं नव्हतं विचारायचं. वहीत ‘काइजो’समोर तीन शब्द लिहिलेत. उघडला खोडलाय. स्वाधीन केला, त्याच्यावर अर्धी रेघ. दिला अजून तसाच आहे, पण ज्यांनी निशाणावर सरळ ‘शरण’ लिहिलं, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे का, हे मला ठरवता येत नाही.