त्याने मान चुकवली

आज सकाळी मोतीच्या, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर त्याने मान खाली घालून डोळे घट्ट मिटून घेतले. घडले ते एवढेच. पण दिवसभर माझे कशातच मन लागलेले नाही.

काल संध्याकाळी मी त्याच्या नाकावर चापट मारली. दोन्ही मनगटे ओरबाडून निघाली आहेत, रात्री दोनदा उठून त्याला बाहेर नेणारी मीच, आणि तरीही ते सुईसारखे दात नेमके माझ्याच हातात रुततात, हे काल मनाला फार लागले होते.

दहा आठवड्यांच्या पिल्लाला माणसाची कातडी नाजूक आहे हे कसे कळावे? भावंडांशी खेळताना चावा जोरात बसला की दुसरे पिल्लू केकाटते, खेळ तिथेच मोडतो, आणि दात किती रोवावेत हे त्यातूनच त्याला उमगत जाते. ती शिकवण आता मी पुढे न्यायची होती. मी हात उगारला. त्यातून चावू नये हे त्याला कळले नाही. हाताला भ्यावे, एवढे मात्र कळले.

शिवाय त्याची झोपेची वेळ टळून गेली होती. दिवसाचे अठरा तास झोपणारे पिल्लू जागे राहिले की अधिकच पिसाळल्यासारखे चावते, हे ठाऊक असूनही मी त्याला खेळवत बसले.

आज त्याने अंगठा धरला तेव्हा मी हात हिसकला नाही, कारण पळणाऱ्या हातामागे तो आणखी झेपावतो. हात सैल सोडला, दात सुटताच उठून पाठ फिरवली, मनात वीस आकडे मोजले आणि मग गाठ मारलेला दोर त्याच्यापुढे टाकला. असे सहा वेळा झाले. सातव्या वेळी दात कातडीला टेकले, क्षणभर थांबले आणि मागे गेले. आठव्या वेळी तो पुन्हा कडकडून चावला.

चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतील, पक्के बेचाळीस येईपर्यंत तो सहा-सात महिन्यांचा होईल, आणि तोवर हिरड्या शिवशिवतच राहणार. म्हणजे हे काम आठवड्याभराचे नव्हेच. ते आता मला फारसे जड वाटत नाही. ती चुकवलेली मान मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

उद्यापासून हात डोक्यावरून न नेता हनुवटीखालून नेणार आहे, त्याला दिसेल असा, सावकाश.