घरी फुकट दिसतं, मग नाइल्सला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हे विचारून झालंय. बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड, चॅप्लिन या मूकपटांच्या काळातल्या विनोदवीरांचे सिनेमे यूट्यूबवर फुकट मिळतात. मग शनिवारची संध्याकाळ राखून, मैत्रिणींना फोन करकरून गोळा करून, शंभर वर्षांपूर्वीचे विनोदी मूकपट बघायला इथल्या, कॅलिफोर्नियातल्या नाइल्सच्या थिएटरात कशाला जायचं?

कारण ते थिएटरातल्या हशावर बेतलेले आहेत. एकटीनं लॅपटॉपवर लावले, तर त्यातलं एक पात्र आलेलंच नसतं.

कीटनच्या १९२४ सालच्या ‘द नेव्हिगेटर’मधली एक हकिगत त्यासाठी सांगायलाच हवी. पाणबुड्याचा पोशाख चढवून तो जहाज दुरुस्त करायला समुद्राच्या तळाशी उतरतो. तिथे त्यानं एक गंमत चित्रित केली होती. लहान माशांची रांग चालली आहे आणि एका मोठ्या माशाला ती ओलांडता येत नाहीये. कीटन एक तारामासा उचलून छातीवर बिल्ल्यासारखा लावतो, ट्रॅफिक पोलिसासारखा हात दाखवून रांग थांबवतो आणि मोठ्याला वाट करून देतो. जाहिरातीच्या तुकड्यात हे दाखवलं तेव्हा लोक खळखळून हसले. अख्खा सिनेमा दाखवला तेव्हा मात्र त्याच जागी थिएटर गप्प. वर जहाजावर मुलगी एकटी, किनाऱ्यावर नरभक्षक, आणि हा खाली माशांची वाहतूक सांभाळतोय, हे लोकांना रुचेना. कीटननं एवढी मेहनतीची गंमत उचलून बाहेर काढली. प्रेक्षकांशी वाद घातला नाही.

लॉइडचीही तीच रीत. सिनेमा बाहेर पडण्याआधी तो प्रेक्षकांसमोर लावायचा, लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात ते बघायचा आणि परत कात्री चालवायचा, काही वेळा नव्यानं चित्रणही करायचा. कीटनचा तो प्रसिद्ध मख्ख चेहरासुद्धा प्रेक्षकांनीच घडवलेला आहे. लहानपणी आईवडिलांबरोबर स्टेजवर काम करताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण हसलो की लोक कमी हसतात. आपल्याकडे नाटकात मुरलेला नट हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य दाबून धरतो ना, तसंच हे. फक्त इथे ती थांबायची जागा फिल्ममध्येच कापून ठेवलेली आहे. घरी ती जागा रिकामी जाते आणि सिनेमा संथ वाटायला लागतो.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. इथे मराठी घरं पुष्कळ, पण याच गावातल्या नाइल्स या भागात १९१५ साली चॅप्लिन काम करत होता हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. एसने या सिनेमे काढणाऱ्या कंपनीचा स्टुडिओ तिथे होता. ‘द ट्रॅम्प’ तिथलाच. शेवटी पाठमोरा चॅप्लिन ज्या रस्त्यानं निघून जातो, तो नाइल्सच्या खिंडीतला. स्टुडिओ १९३३ मध्ये पाडला, पण १९१३ सालचं छोटं एडिसन थिएटर उभं आहे. एसनेच्या नावानं चालणारं मूकपटांचं संग्रहालय तिथेच आहे आणि शनिवारी रात्री तिथे पियानोच्या साथीनं मूकपट दाखवतात. त्याच १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला होता. नाइल्सच्या थिएटरात बसलं की मला हे हटकून आठवतं.

पियानोवाल्यांबद्दल तर मी तासभर बोलेन. त्यांची नजर पडद्यावर असते आणि कान आपल्याकडे. हशा लांबला की तेही सूर लांबवतात, थिएटर श्वास रोखून बसलं की हात हलका करतात. त्यामुळे तोच सिनेमा पुन्हा पाहिला तरी तोच राहत नाही. आणखी एक गोष्ट वेगाची. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम किंवा थोड्या जास्त. बोलपट आल्यावर २४ चा वेग ठरला. जुनी फिल्म सरसकट त्या वेगानं पळवली की माणसं तुरुतुरु धावतात. मूकपट म्हणजे ती तुरुतुरु, असा समज तिथूनच पसरला. जाणकार मंडळी वेग जुळवून दाखवतात तेव्हा कीटनच्या चालीतला डौल दिसतो.

माझ्या एका मैत्रिणीची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. इथल्या इंग्रजी गप्पांत काकू दमून जायच्या. त्यांना आम्ही लॉइडचा ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) बघायला नेलं. पडद्यावर येणाऱ्या पहिल्या काही इंग्रजी पाट्यांचा अर्थ त्यांनी लेकीला विचारला, मग विचारणं थांबलं. लॉइड इमारत चढू लागला तसा त्यांनी माझा दंड धरला. तो ज्या घड्याळाच्या काट्याला लटकला होता त्याची तबकडीच निखळली तेव्हा त्या किंचाळल्या, आणि शेजारच्या अनोळखी अमेरिकन बाईही किंचाळल्या. दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटल्या! बाहेर आल्यावर मी काकूंना सांगितलं, की १९१९ मध्ये एका नकली बॉम्बच्या स्फोटात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, तो खास हातमोजा घालून लटकला होता. छपरावर सेट उभारलेला होता, खाली गाद्या होत्या, पण लटकणं खरंच होतं. काकूंना हे इतकं लागलं की गाडीत बसेपर्यंत त्या त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

तेव्हा तुम्ही येणार असाल तर पहिल्यांदा मोठा सिनेमा नको, लघुपट बघू. कीटनचा ‘वन वीक’ (१९२०) लागला तर सोडायचाच नाही. नवं जोडपं, पेट्यांमधून आलेलं जोडायचं घर, आणि पेट्यांवरचे आकडे कुणीतरी मुद्दाम बदललेले. शेवटी ते घर रेल्वेच्या रुळांवर अडकतं आणि समोरून गाडी येते. पुढचं मी सांगणार नाही. त्या क्षणी पडद्याकडे बघायच्या आधी शेजारच्या रांगेचा आवाज ऐका. मुलांना जरूर आणा. मात्र जरा लवकर निघू, थिएटर लहान आहे आणि आपल्या सगळ्यांना एकाच रांगेत बसायचंय.