प्रिंट भिंतीवर लागतात तेव्हा

आज संध्याकाळी क्लबच्या निसर्ग छायाचित्र प्रदर्शनाची मांडणी पूर्ण झाली. विषय पावसाळ्यातली आंबोली, म्हणजे धुकं, शेवाळ आणि अंधारं जंगल. नेमके हेच फोटो कागदावर काळे पडतात. स्क्रीन स्वतः उजळते, कागद नाही. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलं, की शेवाळाचा पोत प्रिंटमध्ये बुजतो. म्हणून आधी त्याच कागदावर ४×६ची टेस्ट प्रिंट काढायची आणि ती हॉलच्याच दिव्याखाली बघायची. कागद मॅट बरा; ग्लॉसीवर ट्यूबलाइटच दिसते.

१२×१८ इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल धरून, ३६००×५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये ते जेमतेम बसतात. मोठा क्रॉप केला असेल तर प्रिंट लहान ठेवा, छान दिसते.

डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप लावू नका. रंगाची भुकटी टेपला चिकटून सुटते आणि सकाळी प्रिंट जमिनीवर. तार आणि हुकच हवेत. फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटर.

उद्याच्या स्लाइड शोनंतर एका गोष्टीवर नक्की बोलायला हवं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा झाडावरचा बेडूक फेसाचं घरटं पाण्यावर झुकलेल्या पानांत करतो, कारण पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडावी लागतात. फ्रेम मोकळी करायला कुणी ती फांदी बाजूला बांधली, तर तीच पिल्लं कोरड्या मातीवर पडतात. असा फोटो कितीही देखणा असला तरी भिंतीवर लागू नये.